इंजिन मागं गेलं, त्या गावाला

मामा सांगलीहून आले तेव्हा त्यांच्या बॅगेत भडंगाची दोन पाकिटं, आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि एक फीलर गेज, म्हणजे इंजिनातली बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, होता. गेज कशाला आणला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. जवळ असला की बरं वाटतं." मिरज रोडला चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस. लोक खिशाला पेन लावतात, मामा फीलर गेज लावतात.

मी इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात डिझेल इंजिनांचं काम करतो. हे गाव छोटं, पण पुण्याच्या कोथरूडशी त्याचं इंजिनांमुळे जुनं नातं, त्यामुळे मराठी घरं बरीच. मामांना नायगारा दाखवून झाला, शिकागो झालं. मग एका रात्री जेवताना म्हणाले, "पाणी बघितलं, इमारती बघितल्या. आता इथली गाडी कुठं तयार होते ते दाव." माझ्या मनात एकच नाव आलं. बोलिंग ग्रीन, केंटकी. 1981 पासून जगातली प्रत्येक कॉर्व्हेट, म्हणजे शेवरोलेची स्पोर्ट्स गाडी, याच गावातून बाहेर पडते.

खरं सांगायचं तर त्या गावाला जायचं मी चार-पाच वर्षं टाळत होतो. 18 जुलै 2019 ची रात्र मला अजून आठवते. कॅलिफोर्नियातल्या टस्टिनला एका प्रचंड जुन्या हँगरमध्ये शेवरोलेनं आठव्या पिढीची कॉर्व्हेट, म्हणजे सी-8, दाखवली. मी घरी लॅपटॉपसमोर बसलो होतो. 66 वर्षं जे इंजिन चालकाच्या पुढं होतं, ते त्याच्या पाठीमागं गेलं होतं. लांबलचक बॉनेट गेलं. चालक साडेसोळा इंच पुढं सरकला. गाडीची किंमत 60,000 डॉलरच्या आत ठेवलीय असं सांगितलं तेव्हा हँगरमधले लोक जे ओरडले, ते मीही घरात ओरडलो. कारण इंजिन मध्ये असलेली युरोपातली नावाजलेली गाडी घ्यायची तर याच्या चार-पाच पट मोजावे लागतात. 6.2 लिटरचं व्ही-8, 495 अश्वशक्ती, थांबलेल्या गाडीला ताशी 60 मैल गाठायला 2.9 सेकंद. आणि मग कळलं की क्लचचं पेडल नाही. गिअरचा दांडा नाही. आपोआप चालणारा आठ गिअरचा ड्युअल क्लच आणि स्टिअरिंगमागं दोन पात्या, बस्स.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांना हे पटणार नाही, पण ज्यांना आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मी गाडी शिकलो ती मामांच्या तवेरावर. आमच्याकडं शेवरोले म्हणजे तवेराच. तासगाव, विटा, पंढरपूर, कुठलाही रस्ता घ्या, वडापाला तीच. गावाबाहेरच्या माळावर मामा शेजारी बसायचे आणि मला पायातली चप्पल काढायला लावायचे. "क्लच पायानं ऐकायचा असतोय," म्हणायचे. "तळव्याला कळलं पायजे, प्लेट कुठं धरती ते." चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरता आली, त्या दिवशी मला वाटलं आपण मोठे झालो. तो पाय त्या गाडीनं नाकारला, असं मला 2019 साली वाटलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पहाटे निघालो. आय-65 हा एकच रस्ता पकडायचा आणि दक्षिणेला सरळ तीनेक तास जायचं. लुइव्हिलला केनेडी पुलावरून ओहायो नदी ओलांडली की केंटकी सुरू. पुढं व्हिस्कीच्या कारखान्यांचे फलक, लिंकनच्या जन्मगावाचा फलक, मग मॅमथ केव्हचा. झाडं तांबडी-पिवळी झाली होती. मध्ये एका ठिकाणी वेळेची रेघ लागते; घड्याळ एक तास मागं जातं. मामांना हे फार आवडलं. "म्हणजे आपुन निघालो तवाच पोचलो की," म्हणाले.

बोलिंग ग्रीनला अठ्ठावीस नंबरच्या एक्झिटला वळलं की लांबूनच पिवळा शंकू दिसतो आणि त्याला टोचलेला लाल सुळका. हे नॅशनल कॉर्व्हेट म्युझियम. रस्त्याचं नावच कॉर्व्हेट ड्राइव्ह, आणि कारखाना त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर. म्युझियमच्या दाराजवळच्या पार्किंगमध्ये फक्त कॉर्व्हेट लावायच्या, बाकीच्यांनी लांब. आम्ही आमची गाडी लांब लावली आणि चालत आलो, आणि हे चालणंच पहिलं प्रदर्शन ठरलं. पन्नासेक गाड्या असतील. साठच्या दशकातल्या एक-दोन, ऐंशी-नव्वदच्या बऱ्याच, आणि मधूनमधून सी-8; त्या लगेच ओळखू येतात, कारण बाकी सगळ्या नाक पुढं काढून बसलेल्या असतात आणि ही दबा धरून बसल्यासारखी.

मामा प्रत्येक गाडीपाशी थांबले. त्यांची एक सवय आहे, गाडी आधी मागून बघायची. सायलेन्सरच्या तोंडाचा रंग, टायर कुठून घासलाय, खाली तेल टिपकलंय का. एका निळ्या सी-8 च्या मागं गेले आणि थबकले. मागच्या काचेखाली इंजिन दिसत होतं. मामा वाकले, दोन्ही हात डोळ्यांशी धरून काचेतून बघत राहिले. मी हलवलं तरी हलेनात.

"हितं का ठेवलंय रं?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या पद्धतीनं समजवायला लागलो, वजनाची विभागणी, पुढं चाळीस टक्के, मागं साठ टक्के, मागच्या चाकांना पकड. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "बैलगाडी भरतानाचं हाय हे," म्हणाले. "वझं पुढं आलं की बैलाच्या मानंवर. लई मागं गेलं की गाडी उलाळती. आकाच्या जरा पुढं धरलं की गाडी बी चालती आन् बैल बी. ह्यांनी वझं आकाच्या पुढं, माणसाच्या मागं धरलंय. बराबर हाय." अभियांत्रिकीची चार वर्षं शिकून मला जे सांगायला अर्धा तास लागला असता ते त्यांनी पार्किंगमध्ये चार वाक्यांत सांगितलं. खरोखर एवढंच आहे ते. गाडी जोरात सुटते तेव्हा भार मागं झुकतो. मागची चाकं जितकी दाबली जातील तितकी ती रस्ता धरतात. आधीच्या पिढीची सर्वांत ताकदवान गाडी 755 अश्वशक्तीची होती, इंजिन पुढं आणि जोर मागच्या दोन चाकांवर. त्याच्यापुढं ताकद वाढवून उपयोग नव्हता, टायर नुसते फिरले असते.

आत गेलो.

म्युझियममधल्या सगळ्या गाड्यांबद्दल मी लिहिणार नाही, तेवढ्या लक्षातही राहिल्या नाहीत. तीन ठिकाणी आम्ही रेंगाळलो, तेवढंच सांगतो.

पहिलं, 1953 ची गाडी. त्या वर्षी मिशिगनमधल्या फ्लिंटला फक्त 300 बनल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून तांबड्या, अंग फायबरग्लासचं. आणि ज्या गोष्टीवरून मी पाच वर्षं रुसून बसलो होतो, तिचं उत्तर इथंच पाटीवर लिहिलेलं. सहा सिलिंडर, 150 अश्वशक्ती, आणि दोन गिअरचा ऑटोमॅटिक. पहिल्या कॉर्व्हेटला क्लचचं पेडल नव्हतंच! हे मी वाचलेलं होतं, पण ती गाडी समोर उभी असताना, तिच्या तांबड्या गालिच्यावरची दोनच पेडलं वाकून बघताना, ते वेगळंच लागतं.

दुसरं, 1963 ची स्टिंग रे. हिच्या मागच्या काचेच्या मधोमध एक उभा कणा आहे, काच दोन भागांत. बिल मिचेल हा जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख. त्याचा या कण्यावर जीव. झोरा आर्कस-डंटोव्ह हा कॉर्व्हेटचा इंजिनिअर. त्याचं म्हणणं, मागचं दिसत नाही, काढा. दोघांचं जोरदार वाजलं. मिचेल जिंकला, पण एकच वर्ष. 1964 ला कणा गेला. तेव्हा काही मालकांनी आपल्या 63 च्या गाडीचा कणा कापून 64 ची अख्खी काच बसवून घेतली. आज तो कणा असलेली गाडी मिळावी म्हणून लोक जन्मभर पैसे साठवतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कॉर्व्हेटच्या लोकांनी प्रत्येक नव्या रूपावर असाच जीव काढलाय. 1963 पासून 2004 पर्यंत पुढचे दिवे आत लपायचे. 2005 ला ते उघडे झाले तर लोक हळहळले. 2014 ला मागचे गोल दिवे चौकोनी झाले तर केवढा गहजब! त्या मानानं 2020 मध्ये इंजिनच उचलून मागं ठेवलं. राग यायचाच. मला या रागाला कुणी जुनाटपणा म्हटलं की वाईट वाटतं. ज्याला गाडीशी देणंघेणं नाही तो दिवे चौकोनी आहेत की गोल ते बघतही नाही.

आणि तिसरं, झोरा स्वतः.

याच्याबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. हा माणूस 1909 साली ब्रसेल्सला रशियन आईबापांच्या पोटी जन्मला, रशियात वाढला, बर्लिनला इंजिनिअर झाला, महायुद्धात युरोपातून निसटून अमेरिकेत आला. जानेवारी 1953 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलातल्या प्रदर्शनात त्यानं पहिली कॉर्व्हेट पाहिली. गाडी दिसायला त्याला अप्रतिम वाटली. त्यानं शेवरोलेला पत्र लिहिलं, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो तिथं नोकरीला लागला. पुढं वीसेक वर्षं हा माणूस या एका गाडीच्या मागं होता. आणि त्याचं एक म्हणणं सुरुवातीपासून होतं, इंजिन चालकाच्या मागं पाहिजे. 1960 साली त्यानं सर्व्ह-1 नावाची एका माणसाची प्रयोगाची गाडी बनवली, इंजिन मागं. 1964 ला दुसरी. 1970 च्या सुमारास तिसरा प्रयोग न्यूयॉर्कच्या प्रदर्शनापर्यंत पोचला. प्रत्येक वेळी वरून नकार आला. खर्च परवडत नाही, आहे ती गाडी विकली जातेच आहे, मग कशाला. तो 1975 ला निवृत्त झाला, 1996 ला गेला. त्याच्या अस्थी या म्युझियममध्ये ठेवल्या आहेत.

त्या जागेपाशी आम्ही उभे राहिलो. मामांनी पायातले बूट काढायला सुरुवात केली, मग आजूबाजूला बघून नुसते हात जोडले. मी त्यांना सांगितलं की यानं मागितलेली गाडी याच्या मरणानंतर चोवीस वर्षांनी, फेब्रुवारी 2020 मध्ये, या इमारतीसमोरच्या कारखान्यातून बाहेर पडायला लागली. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आन् तू तिच्यावर रुसलास व्हय."

मी काय बोलणार?

पिवळ्या शंकूच्या आत, स्कायडोममध्ये, जमिनीवर एक मोठी वाकडीतिकडी रेघ काढलेली आहे. 12 फेब्रुवारी 2014 ला पहाटे इथली जमीन खचली आणि आठ गाड्या खाली गेल्या. हा सगळा मुलूख चुनखडीच्या दगडाचा, खालून पाण्यानं पोखरलेला. जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा, मॅमथ केव्ह, इथून तासाभराच्या आत आहे. पहाटेची वेळ म्हणून कुणाला इजा झाली नाही. त्या आठांपैकी 2009 ची एक निळी गाडी क्रेननं वर काढल्यावर स्वतःच्या इंजिनावर चालत बाहेर गेली. तिच्यासकट तीन दुरुस्त केल्या, त्यांत दहा लाखावी कॉर्व्हेटही. उरलेल्या पाच जशा निघाल्या तशाच ठेवल्यात. चेपलेल्या, माती भरलेल्या. त्यांतली एक तर गाडी होती हे सांगावं लागतं. मामा त्या पाचांपाशी सगळ्यांत जास्त थांबले. चेपलेल्या गाडीचा सांगाडा कुठं वाकलाय, कुठं तुटलाय, हे ते बोटानं हवेत दाखवत होते. "ही निघाली असती रं," एकीबद्दल म्हणाले. "पर न्हाई केली ती बरं केलं. दिसूं दे."

तिथंच एक जोडपं आपली नवी कोरी पिवळी सी-8 घ्यायला आलं होतं. गाडी घेताना एक ठरलेला पर्याय निवडला की ती गावातल्या विक्रेत्याकडं न येता तुम्हीच इथं येऊन म्युझियमच्या आत तिची किल्ली घ्यायची. दोघं सत्तरीच्या पुढचे. बाईंनी गाडीच्या रंगाचा स्कार्फ घातला होता. काकांनी किल्ली हातात घेतली आणि गाडीत बसायच्या आधी बॉनेटवर तळवा ठेवला, आपण नव्या ट्रॅक्टरला नारळ फोडायच्या आधी ठेवतो तसा. मग दचकून हात काढला आणि मागं जाऊन काचेवर ठेवला. इंजिन तिकडं आहे, हे त्यांना आठवलं असावं. गाडी दारातून बाहेर निघाली तेव्हा अनोळखी लोक टाळ्या वाजवत होते, आम्हीही वाजवल्या.

दुपारी बाहेर आलो तर सकाळच्या त्या निळ्या सी-8 चा मालक गाडीपाशी सापडला. टेनेसीतून आलेला, पन्नाशीचा, बांधकामाच्या धंद्यातला. मामा सकाळी काचेला नाक लावून उभे होते ते त्यानं पाहिलं होतं. हे गृहस्थ भारतात मेकॅनिक आहेत म्हटल्यावर त्यानं न विचारता मागचं झाकण उघडलं. मामा म्हणजे देवघराचं दार उघडल्यासारखे झाले.

मी दुभाष्या. मामांनी विचारलं, चार कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, आहेत का? तो म्हणाला, नाही, एकच कॅम, खाली ब्लॉकमध्ये, पुशरॉड. मामांना वाटलं मी चुकीचं सांगतोय. मला पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच उत्तर. 495 अश्वशक्तीच्या इंजिनात पुशरॉड! म्हणजे शेतातल्या पंपाच्या डिझेल इंजिनात असतात तसेच. खालून कॅमनं सळी ढकलायची, सळीनं वर रॉकर, रॉकरनं व्हॉल्व्ह. मामांनी आयुष्यभर तेच उघडलंय. तो मालक खुलून सांगायला लागला की म्हणूनच इंजिन बुटकं राहतं, वर दोन-दोन कॅम असते तर एवढ्या खाली मावलं नसतं आणि आरशात मागचं दिसलं नसतं. मामांनी खिशातून फीलर गेज काढून त्याच्यापुढं धरला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "इचार त्याला, टॅपेट कितीला बसवत्यात?" टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची, फट किती ठेवतात ते मी विचारलं. बसवावे लागत नाहीत, तेलाच्या दाबावर आपोआप जुळतात. मामांनी गेज परत खिशात ठेवला, पण त्या माणसानं तो हात पुढं करून मागितला, एकेक पात उघडून बघितली. त्याचे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, तसलाच त्यांच्याकडं होता, असं म्हणाला.

तेवढ्यात शेजारच्या जागेतला एक म्हातारा बोलण्यात आला. ओहायोचा, निवृत्त शिक्षक. त्याची 2008 ची चंदेरी सी-6, सहा गिअरची, क्लचवाली. त्याचं सरळ म्हणणं, सी-8 उत्तम गाडी आहे, पण कॉर्व्हेट नाही. आणि मग जे सुरू झालं ते मी पाच वर्षं वाचत आणि ऐकत आलोय, पण इथं दोन जिवंत माणसं बोलत होती. निळ्यावाला म्हणाला, पहिली कॉर्व्हेट ऑटोमॅटिकच होती, आत जाऊन बघ. शिक्षक म्हणाले, म्हणूनच ती खपली नाही. 1954 च्या कित्येक गाड्या पडून राहिल्या, 1955 ला तर 700 च बनवल्या. व्ही-8 आणि हातानं टाकायचा गिअर आला तेव्हा ती कॉर्व्हेट झाली. निळ्यावाला म्हणाला, झोराला हेच हवं होतं. शिक्षक म्हणाले, झोराला इंजिन मागं हवं होतं, माझा डावा पाय काढून घ्या असं तो कुठं म्हणाला?

मी मनातून शिक्षकांच्या बाजूला होतो, आणि बोलायला मात्र निळ्यावाल्याची बाजू घेतली. कारण क्लच का गेला याचं कारण मला माहीत आहे. या गाडीचा मधला बोगदा हाच तिचा कणा आहे. सगळी मजबुती त्यात. गिअरबॉक्स इंजिनाच्याही मागं. दांडा बसवायचा तर त्या कण्यालाच भोकं पाडावी लागतात आणि पेडलांसाठी पुढं जागा काढावी लागते. क्लचची मागणीही वर्षागणिक आटत चालली होती. शिक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, कारणं खरी आहेत, पण त्यानं दुःख कमी होत नाही. यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. ते बरोबर आहेत असंच मला वाटतं. इंजिन मागं गेलं ते योग्य झालं. क्लच गेला ते नुकसान झालं. दोन्ही एकाच गाडीत आहे.

बाकी किरकोळ तक्रारी तोंडी लावण्यापुरत्या झाल्या. चौकोनी स्टिअरिंग. चालक आणि शेजारी यांच्या मध्ये एसीच्या बटणांची लांबच लांब ओळ, भिंतीसारखी. निळ्यावाल्याची बायको म्हणाली, तिला ती भिंत आवडत नाही, नवऱ्याच्या हातावर हात ठेवता येत नाही. समोरून फेरारीसारखी दिसते ही तक्रार शिक्षकांची. तेवढ्यात पलीकडून एक झेड-06, म्हणजे सी-8 चीच जास्त ताकदीची बहीण, सुरू झाली. तिचं 5.5 लिटरचं इंजिन वेगळं आहे, 670 अश्वशक्ती, मिनिटाला 8,600 फेऱ्यांपर्यंत जाणारं, आवाज उंच आणि धारदार. शिक्षकांनी नुसतं बोट दाखवलं. "इटली," म्हणाले. निळ्यावाल्यानं आपली सुरू केली. ती खर्जात बोलली, जुन्या व्ही-8 सारखी, छातीत कळणारी. शिक्षकांनी मान हलवली. एवढं कबूल केलं त्यांनी.

मग त्यांनी मामांना आपल्या सी-6 मध्ये बसायला सांगितलं. गाडी बंदच होती. मामा बसले, सीट पुढं घेतली, आणि बूट काढले. डावा पाय क्लचवर ठेवला आणि अगदी सावकाश दाबला. पायाच्या तळव्यानं, टाचेनं नाही. पहिला टाकला. सोडला. दुसरा. तिसरा. डोळे मिटले होते. सहावा टाकून झाल्यावर परत उतरत आले, पाच, चार, तीन, प्रत्येक वेळी क्लच पूर्ण दाबून. गॅरेजात एखादी गाडी दुरुस्त झाल्यावर ते अशीच तपासतात. त्या शिक्षकांनी माझ्या दंडावर हात ठेवला, बोलले काही नाहीत.

मामा उतरले. तेव्हा निळ्यावाला पुढं आला आणि शिक्षकांना म्हणाला, मी बसू का एकदा? सहा वर्षं झाली, मी माझी क्लचवाली विकून. शिक्षकांनी दार धरलं. तो आत बसून गिअर टाकत होता, आणि शिक्षक त्याच्या सी-8 च्या मागं जाऊन, डोळ्यांशी हात धरून, काचेतून इंजिन बघत होते.

निघताना दोन्ही गाड्या कॉर्व्हेट ड्राइव्हवर आमच्यापुढं होत्या. समोरून नव्वदच्या दशकातली एक तांबडी कॉर्व्हेट आली. तिच्या चालकानं आधी चंदेरीला हात केला, मग निळीला. कॉर्व्हेटवाले रस्त्यात एकमेकांना हात करतात, ही त्यांची रीत आहे. सी-8 आली तेव्हा जुने काही लोक तिला हात करत नाहीत अशी कुरकुर होती. याने केला. मामांनी आमच्या खिडकीतून हात बाहेर काढून त्यालाही केला.

परतीला वेळेची रेघ ओलांडली, सकाळी मिळालेला तास परत गेला. लुइव्हिलच्या पुढं आलो तेव्हा नऊ वाजले होते, म्हणजे सांगलीत रविवारची पहाट, साडेसहा. मामांनी गॅरेजमधल्या पोराला फोन लावला. झोपेतला आवाज ऐकू आला. मामांनी पिवळा शंकू सांगितला नाही, खचलेली जमीन सांगितली नाही, झोराही नाही.

"आरं ऊठ," म्हणाले. "पाचशे घोड्यांचं इंजिन बघून आलोय. सांग बघू आत काय असंल? ... न्हाई. ... न्हाई. आरं पुशरॉड! आपल्या पंपावानी पुशरॉड!"